अनुभव धागा : अलीकडे कुणी ऐकवलेला नवा रॉक/इंडी अल्बम

टिळकवाडीतला_पाऊस
काल माळ्यावरची ट्रंक आवरताना दादाची कॅसेट सापडली. द क्युअर या इंग्लिश बँडचा १९८९चा 'डिसइंटिग्रेशन', पणजीत कुणाकडून तरी भरून आणलेला. कॅसेट ६० मिनिटांची, अल्बम ७०च्या वरचा. शेवटची गाणी मावलीच नाहीत, ती मला कॉलेज संपल्यावर ऐकायला मिळाली. दादाला जाऊन आता सहा वर्षं झाली.

१ नोव्हेंबर २०२४ला त्यांचा 'सॉन्ग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' आला, १६ वर्षांनी नवा अल्बम. आठच गाणी. पहिल्या गाण्यात तीन मिनिटं उलटली तरी रॉबर्ट स्मिथ गायला लागत नाही. आमच्या घरचे कान ख्यालावर वाढलेले, मला ते थांबणं ओळखीचं वाटलं. त्यातलं एक गाणं त्यानं गेलेल्या भावासाठी लिहिलंय, हे मला आधी ठाऊक नव्हतं. भाकरी करताना ते लागलं, गॅस बंद करून बसले.

तुम्हीही लिहा. कुठला नवा अल्बम, कुणी सांगितला, कुठं ऐकलात. नुसती नावं नकोत.

लोंढा_लोकल
पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी, 'बीटा', ऑगस्ट २०२४. दिल्लीचा बँड. गाणाऱ्याचा आवाज जुन्या रेडिओतून येतोय असं वाटतं, मागं ट्रम्पेट. चोर्ला घाटात लावा, खरं आधी डाउनलोड करून ठेवा. कणकुंबीच्या पुढं रेंज जाती.

निपाणीवाला
ताई, वाचून गलबललं.
माझा पल्प या इंग्लिश बँडचा 'मोअर'. जून २०२५, २४ वर्षांनी आलेला. त्यांचा बासवाला स्टीव्ह मॅकी २०२३ला गेला, अल्बम त्यालाच वाहिलाय. मी तंबाखूच्या वखारीत हिशेब करताना ऐकतो. आमच्याही ग्रुपमधला एक मित्र आता नाही. त्याच्या नंबरावर मी अजून नवीन गाण्यांच्या लिंका पाठवतो.

टिळकवाडीतला_पाऊस
पाठवत राहा हो.

मांडे_आणि_मेटल
ब्लडीवुड, 'नू दिल्ली', मार्च २०२५!! आमच्या पोरानं ऐकवला. मी शिवजयंतीच्या मिरवणुकीत १५ वर्षं ढोल वाजवलाय. मेटल म्हणजे नुसता आरडाओरडा असं मला वाटायचं, आणि ह्यांच्यात गिटारच्या भिंतीसमोर ढोल उभा. पोरगा म्हणाला, बाबा, तुमचंच वाजूलालंय बघा. त्या दिवशी दोघं एकाच खोलीत दीड तास बसलो, बारावी झाल्यापासून पहिल्यांदा.

खानापूर_रोड
चित्ररथाची मिरवणूक यंदा कुठपर्यंत बघितलीत? आम्ही पहाटे घरी आलो.

मांडे_आणि_मेटल
आम्ही पण पहाटेच. पायाला फोड आले.

चिकोडीची_सून
हे नवीन नाही, चालेल का? धारवाडला होस्टेलात माझी रूममेट कन्नड होती. तिनं रघू दीक्षितचा २००८चा अल्बम ऐकवला. त्यात संत शिशुनाळ शरीफांची पदं आहेत, गिटार-व्हायोलिनवर. एकेक ओळ ती मला मराठीत समजावून सांगायची, मी तिला तुकाराम सांगायचे. शाळेत दहा वर्षं कन्नड विषय होता, खरं ती भाषा मला त्या खोलीत आवडायला लागली. आता ती मंगळुरात असती. आज रात्री फोन करते तिला.

लोंढा_लोकल
चालतंय की वो! कराच फोन.

आरपीडी_चौक
मुलगी पुण्याला असते, तिनं गीझचा 'गेटिंग किल्ड' पाठवला (सप्टेंबर २०२५, ब्रुकलिनची विशीतली पोरं). पहिल्यांदा बंद केला. गाणारा कॅमेरॉन विंटर सुरावरून घसरतोय असंच वाटलं. तिसऱ्या खेपेला कळलं की तो घसरत नाही, रडू आवरत बोलणाऱ्या माणसासारखा गातोय, ड्रम मात्र जागचे हलत नाहीत. घाईनं ठरवू नका एवढंच म्हणेन. लेकीला हे फोनवर सांगितलं तर ती थोडा वेळ गप्पच झाली. मग म्हणाली, आई, तू तीनदा ऐकलंस?

कुकर झाला, नंतर येते.

निपाणीवाला
गीझ घेतला यादीत. खडेबाजारातलं ते कॅसेटचं दुकान कुणाला आठवतं का? मालक आधी विचारायचे, काल काय ऐकलंस? मगच नवीन काढून द्यायचे.

खानापूर_रोड
आठवतंय की. पैसे नसले तरी त्यांच्याकडं कॅसेट मिळायची, पैसे पुढच्या बाजारला द्यायचे.

अनगोळकर_डेक
टिळकवाडी ताई, दादांची ती कॅसेट वाजवून बघितलीत का?

टिळकवाडीतला_पाऊस
नाही. प्लेअरच राहिला नाही घरात.

अनगोळकर_डेक
माझा डेक चालू आहे, दिवाळीत बेल्ट बदललाय. आधी फीत तपासू, बुरशी असली तर पुसून घेऊ, तशीच लावायची नाही. रविवारी या.

टिळकवाडीतला_पाऊस
येते. दुपारी चारनंतर चालेल? आई झोपून उठली की तिलाही घेऊन येईन.

अनगोळकर_डेक
चालेल. मारुती मंदिराजवळ येऊन फोन करा, मी न्यायला येतो.