सेकंडहँड गिटार ॲम्प: आयसी बदलण्याआधी जॅक उघडा

खारा_वारा, माहीम
समोर ३० वॅटचा जुना ट्रान्झिस्टर ॲम्प आहे असं धरा, दहा इंची आठ ओहमचा स्पीकर. असा ॲम्प हाती आला की पहिला सल्ला मिळतो तो प्रीॲम्पमधले (सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागातले) सगळे ४५५८ नंबरचे आयसी काढून कमी नॉइजचे ५५३२ टाकण्याचा. माझ्या मते ही मेहनत चुकीच्या जागी जाते.

आवाज मध्येच खाली जातो, ठोकल्यावर परत येतो, ही तक्रार बहुतेक वेळा जॅकची असते. मागे सेंड-रिटर्न (बाहेरचा इफेक्ट जोडायचे दोन जॅक) असेल तर रिटर्न जॅकच्या आत एक पत्री असते. काहीच लावलेलं नसतं तेव्हा सगळा सिग्नल तिच्यातून जातो. आपल्या दमट, खाऱ्या हवेत तिच्यावर काळपट थर चढतो. सेंडमधून रिटर्नमध्ये साधी पॅच केबल लावा. आवाज भरून आला तर दोष सापडला. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर करा.

इनपुट जॅक थेट बोर्डावर असेल तर त्याचे पाय भिंगाखाली बघा. सोल्डरच्या ढिगात पायाभोवती केसाएवढी गोल चीर दिसते. वरून नुसतं सोल्डरिंग आयर्न टेकवू नका. जुनं सोल्डर पंपाने ओढून काढा, मग नवं भरा.

उरलेले पैसे स्पीकरमध्ये घाला. एका वॅटला ९२ डीबी आवाज देणाऱ्याच्या जागी ९८ डीबी देणारा स्पीकर बसवला तर तोच ३० वॅट १२० वॅटइतका मोठा ऐकू येतो. ओहम मात्र आठच ठेवा. चार ओहमचा लावला तर आउटपुट ट्रान्झिस्टरमधून दुप्पट करंट जाईल आणि हीटसिंक पुरणार नाही.

शिवडी_सोल्डर
जॅक आणि स्पीकर मान्य, आयसीचं अजिबात नाही. स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगच्या टँकमधून सिग्नल फिरवून घुमारा देणारी सोय) असलेल्या ॲम्पमध्ये रिव्हर्बचा नॉब वाढवला की सूं आवाज वाढतो ना? टँकमधून येणारा सिग्नल मिलिव्होल्टमध्ये असतो आणि पुढचा आयसी त्याला कित्येक पट वाढवतो. तिथे ५५३२चा फरक स्पष्ट ऐकू येतो. पाय तेच आठ, जागा तीच. आठ पायांचा सॉकेट बसवायचा आणि ४ व ८ नंबरच्या पायांमध्ये बोर्डाच्या खालून १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कंडेन्सर लावायचा. तो नसला तर वेगवान आयसी कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होतो आणि विनाकारण तापतो. लोक मग आयसीलाच दोष देतात.

खारा_वारा, माहीम
रिव्हर्बच्या त्या एका जागी तुमचं बरोबर. टँकची आउटपुट कॉइल बऱ्याचदा दोनेक हजार ओहमची असते, तिथे ५५३२ शोभतो. पण इनपुटला नाही. गिटारच्या सिग्नलच्या वाटेत ६८ किलोओहमचा रेझिस्टर असेल तर त्याचा स्वतःचाच नॉइज सुमारे ३३ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ. ५५३२चा ५, टीएल०७२ या दुसऱ्या आयसीचा १८. रेझिस्टरच मोठा असताना आयसीने काय फरक पडणार? शिवाय ५५३२ला इनपुटमधून बायस करंट (चालण्यासाठी ओढलेला छोटा डीसी करंट) जास्त लागतो. तो पॉटमधून (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरमधून) वाहिला की नीट चालणारा व्हॉल्यूमही खरखरायला लागतो.

आणि सगळे बदलले तर सप्लायचं गणित कोलमडतं. अधिक-उणे २८ व्होल्ट, ३३० ओहमच्या रेझिस्टरमधून १५ व्होल्टच्या झेनरवर (व्होल्टेज स्थिर धरणाऱ्या डायोडवर), अशी रचना समजा. रेझिस्टरमधून ३९ मिलिॲम्पिअर येतात. सहा ४५५८ साधारण २१ घेतात, उरलेले झेनर घेतो. सहा ५५३२ साधारण ४८ मागतात. झेनर बंद पडतो, १५ व्होल्ट १२च्या आसपास घसरतात आणि सप्लायमधला १०० हर्ट्झचा रिपल (डीसीवर उरलेली लहर) थेट प्रीॲम्पमध्ये शिरतो. म्हणजे हिस्स घालवायला निघालात आणि हम (घूं आवाज) विकत घेतला.

शिवडी_सोल्डर
हे गणित पटलं. मग रिव्हर्बला ५५३२, इनपुटला टीएल०७२, बाकी ४५५८ राहू दे. पण एकही बदलू नका हे टोकाचं आहे.

ग्रँटरोड_पूर्व
तुम्ही दोघं पॉवर सप्लाय विसरलात. सगळे व्हॉल्यूम शून्यावर असताना हम येत असेल तर आधी मोठे फिल्टर कंडेन्सर (सप्लायची लहर सपाट करणारे) बघा. माझं मत, एकदा मशीन उघडलंच आहे तर सगळेच इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदला, १०५ डिग्रीचे.

मोजून_बघा
सगळे बदलण्याला माझा ठाम विरोध. जुन्या एकपदरी बोर्डावर तांब्याची पट्टी हलक्या गोंदाने चिकटलेली असते. चाळीस कंडेन्सर काढायला गेलात की पाच-सहा ठिकाणी पट्टी उचलली जाणार, आणि नवा दोष तुम्ही स्वतः लावलेला असेल. आधी मोजा. सप्लायवर मल्टीमीटर एसी रेंजला लावा. ३३०० मायक्रोफॅरड आणि आवाज नसताना १०० मिलिॲम्पिअर खर्च धरला तर साधारण ०.१ व्होल्ट दिसायला हवा. अधिक बाजूला ०.१ आणि उणे बाजूला ०.६ दिसलं तर उणे बाजूचा कंडेन्सर सुकला. मग दोन्ही बाजूंचे मोठे बदला, छोट्यांना हात लावू नका. फुगलेले किंवा बुडाशी ओलसर डाग असलेले तेवढे अपवाद.

काढण्याआधी मोठे कंडेन्सर एक किलोओहम पाच वॅटच्या रेझिस्टरमधून रिकामे करा, स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून नव्हे.

ग्रँटरोड_पूर्व
ठीक, मोजणं आधी. पण आउटपुट ट्रान्झिस्टरच जळले असतील तर? लॅमिंग्टन रोडला (मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात) नावाजलेल्या नंबरचे नकली तुकडे स्वस्तात विकले जातात, आत सिलिकॉनची चिप लहान असते आणि लोड पडला की उडतात. त्यापेक्षा एलएम३८८६ (अख्खा पॉवर ॲम्प एकाच आयसीत) याचं मॉड्यूल बसवा. अधिक-उणे २८ व्होल्टवर आठ ओहमला ३८ वॅट देतो.

खारा_वारा, माहीम
वॅट मिळतील, आवाज बदलेल. बऱ्याच गिटार ॲम्पमध्ये स्पीकरचं उणे टोक ०.२२ ओहमच्या रेझिस्टरमधून ग्राउंडला जातं आणि तिथून फीडबॅक घेतलेला असतो. त्यामुळेच खालचा ठोका आणि वरची धार टिकते. साध्या मॉड्यूलमध्ये हे नसतं, तो सपाट वाजतो. म्हणून मूळ सर्किट दुरुस्त करा, ट्रान्झिस्टर अधिकृत डीलरकडून घ्या, ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकमधली मायका आणि पेस्ट नवी लावा. आणि स्पीकरचं उणे टोक चॅसिसला कधीही जोडू नका, फीडबॅकच मोडेल.

मोजून_बघा
पहिल्यांदा चालू करताना मेनमध्ये १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा, एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भक्क पेटून राहिला तर आत अजून शॉर्ट आहे, लगेच बंद करा. स्पीकर अजून जोडू नका. स्पीकरच्या टोकांवर डीसी मोजा, ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. कित्येक व्होल्ट दिसले तर नवा स्पीकर कॉइल जळूनच निरोप घेईल.