भराडी: भरडावरची की भराड्यांची?

माळरान:
मालवण तालुक्यात मसुरे गावाची एक वाडी, आंगणेवाडी. तिथली जत्रा भराडी देवीची. भरडावर प्रकटली म्हणून भराडी, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि मला ते शंभर टक्के पटतं. भरड म्हणजे मळ्याच्या वरची, जांभ्याची, पाणी न धरणारी जमीन. पायाखाली खडे टोचतात, पिकलीच तर नाचणी, वरी, कुळीथ. मालवण शहरातसुद्धा भरड नाका आहे. आमच्याकडे जागेला असं नाव पडतंच, मग देवीला का नाही?

डवर:
मग 'भरडी' का नाही झालं? मधला 'रा' आला कुठून? भराडी हा शब्द मराठीत स्वतंत्र आहे. डवर वाजवत भैरवनाथाची, खंडोबाची गाणी म्हणणारे नाथपंथी ते भराडी. ते जागर घालतात त्याला भराड म्हणतात. हा सरळ अर्थ सोडून जमिनीकडे का जायचं?

माळरान:
कारण हे लोक मुख्यतः देशावरचे. आणि आमच्या कथेत गाय माळावरच्या पाषाणावर पान्हा सोडते. माळ आहे, गाय आहे. गोसावी कुठेच नाही.

डवर:
कथा नावानंतरही रचली जाते. आधी नाव, मग त्याला साजेशी गोष्ट, असं कितीतरी देवस्थानांत झालंय. कथेला पुरावा मानायला मी तयार नाही.

वाडीची लेक:
कथा बाजूला ठेवा, रीत बघा. या जत्रेला ठरलेली तिथी नाही. शेतीची कामं उरकली की देवीला कौल लावायचा, तिचा होकार आला की तारीख. मुंबईचे चाकरमानी तोवर रेल्वेचं तिकीटही काढू शकत नाहीत. जत्रेच्या दिवशी आंगण्यांच्या घरोघरी बायका तोंडातून शब्द न काढता नैवेद्य रांधतात. मी लहान असताना चुलीपाशी आईला काहीतरी विचारलं, तर तिने नुसता हात वर केला. तो हात अजून डोळ्यांसमोर आहे. रात्री ताटं लावतात. यात डवर नाही, भराड नाही. ही शेतकऱ्यांची देवी आहे, नावही शेतातलंच असणार.

डवर:
रीत मी मानतो, तिचा आदरही आहे. पण रिती बदलतात, नाव तेच राहतं. देवळाच्या आसपासच्या जमिनीचे जुने उतारे कुणाकडे असतील तर बघा. त्यात 'भरड' असं लिहिलेलं सापडलं, तर मी माझं म्हणणं मागे घेईन.