मदत हवी आहे: युकुलेलेचं लाकूड आणि पेटी – मुंबईच्या हवेत कोणतं घ्यावं?

सप्तक_दादर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे सध्या लॅमिनेट (पातळ थर चिकटवून केलेल्या) महोगनीचं सोप्रानो, म्हणजे लहान मापाचं युकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) आहे, गाण्याला साथ म्हणून वाजवायला. स्वर लगेच विझतो, कॉर्ड छेडली की ‘टक’ असा कोरडा आवाज येतो आणि वरच्या पडद्यांवर सूर चढा लागतो. बजेट 15 हजार. दुकानात तीन पर्याय पाहिले (कॉन्सर्ट हे सोप्रानोहून मोठं माप, टेनर त्याहूनही मोठं; टॉप म्हणजे पेटीची वरची पाटी, बॅक-साइड म्हणजे मागची आणि बाजूची; सॉलिड म्हणजे अखंड लाकूड):

– कॉन्सर्ट, टॉप सॉलिड स्प्रूस, बॅक-साइड लॅमिनेट महोगनी
– कॉन्सर्ट, पूर्ण सॉलिड अकेशिया
– टेनर, पूर्ण लॅमिनेट, खोल पेटी

आवाजातला फरक लाकडामुळे पडतो की पेटीमुळे? एसी फक्त रात्री चालतो, तर पावसाळ्यात सॉलिड टिकेल का? आणि पुढे लो जी (एक सप्तक खालच्या सुराची जी तार) लावायची आहे, ती कोणत्या मापात शोभेल?

रंधा

लाकडाचं नाव सगळ्यात शेवटी बघा. आवाज मुख्यतः ठरतो टॉपच्या जाडीवर आणि आतल्या ब्रेसिंगवर (टॉपला आधार देणाऱ्या पट्ट्यांवर). त्याखालोखाल पेटीतली हवा, मग तारा. बॅक-साइडचं लाकूड या सगळ्यांच्या मागे.

नायलॉनच्या चार तारांमध्ये ताकद ती केवढी! तेवढ्यावर टॉप हलायला हवा. पाटीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 2 मिमीच्या जागी 2.5 मिमी पाटी घेतली तर वजन सव्वापट होतं, पण ताठपणा जवळजवळ दुप्पट. चांगल्या सोप्रानोचा टॉप साधारण 1.6 ते 1.8 मिमी असतो, टेनरचा 2 मिमीच्या आसपास. स्वस्त लॅमिनेटमध्ये पाटी जाड, तिच्यावर पॉलिशचा जाड थर आणि खाली गरजेपेक्षा जाड पट्ट्या. शिवाय लॅमिनेटच्या मधल्या थराच्या रेषा आडव्या असतात आणि थरांमधला गोंद कंपन खातो. तुमचा ‘टक’ बराचसा इथून येतो.

इतिहासातही हेच दिसतं. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने 1907 मध्ये स्प्रूस टॉपची युकुलेले बनवली, पण आतलं ब्रेसिंग गिटारच्या सवयीने भारी केलं आणि ती चालली नाहीत. काही वर्षांनी त्यांनीच महोगनीची हलकी युकुलेले काढली आणि ती गाजली. स्प्रूस वाईट होतं असं नाही. टॉपला हलायला वाव नव्हता.

आता लाकडं. स्प्रूस हलकं, घनता घनमीटरला 400 ते 450 किलो, आणि रेषांच्या दिशेने फार ताठ. म्हणून छेडल्याबरोबर आवाज उठतो, मोठा आणि स्वच्छ येतो. महोगनी जरा जड. तिचा आवाज गोल, वरची चमक कमी. कोआ हे हवाईचं लाकूड, तेही अकेशियाच्याच जातीचं. बाजारात ‘अकेशिया’ म्हणून मिळतं ते त्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाचं असतं, आणि स्वभावाने महोगनी व स्प्रूस यांच्या मधलं म्हणायला हरकत नाही. हवाईत आंब्याच्या लाकडाचीही सुरेख युकुलेले होतात, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा: एकाच लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये कधी कधी दोन जातींपेक्षा जास्त फरक असतो. म्हणून ‘हेच मॉडेल’ असं ठरवून ऑनलाइन मागवू नका. समोरचं वाद्य हातात घेऊन वाजवा.

नटसॅडल

वरच्या पडद्यांवरचा चढा सूर हा लाकडाचा दोष नाही, वेगळा विषय आहे. नवीन घेण्याआधी एवढं तपासा:

12व्या पडद्यावर तार आणि पडदा यांत अंतर किती? 2.5 मिमी ठीक. 3 मिमीच्या वर असेल तर दाबताना तार ताणली जाते आणि सूर चढतो. पहिल्या तीन पडद्यांवरच चढत असेल तर नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा उथळ आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मध्ये तार दाबून पहिल्या पडद्यावरची फट बघा; ती केसाएवढी हवी.

12व्या पडद्यावर अर्धा मिमी कमी करायचं तर सॅडल (पेटीकडच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) 1 मिमी घासावं लागतं. नेहमी तळ घासायचा, माथा नाही. काचेवर 220 नंबरचा पॉलिश पेपर पसरून सॅडल उभं धरा, थोडं थोडं घासा आणि दर वेळी लावून बघा. तळ तिरका झाला तर सॅडल खाचेत नीट बसत नाही आणि एखादी तार मुकी वाजते.

ताराही बदला. फ्लुओरोकार्बन नायलॉनपेक्षा बरीच घन असते, त्यामुळे तेवढ्याच सुराला तार बारीक लागते आणि आवाज उजळ होतो. नव्या तारा बसायला चार-पाच दिवस लागतात. तोवर सूर उतरत राहील.

ओलकोरडं

पावसाळ्याबद्दल. रंधा यांच्याशी मी सहमत आहे, पण मुंबईत निवड करताना हा मुद्दा त्यांनी सांगितलेल्या क्रमाच्याही वर घ्यावा असं मला वाटतं. जुलैत घरातली आर्द्रता सहज 85 टक्क्यांवर जाते, आणि सॉलिड लाकडाला 45 ते 55 मानवते. लाकूड रेषांना आडवं फुगतं. टॉप कडेने चिकटवलेला, आतून पट्ट्यांनी धरलेला. पसरायला जागा नाही, म्हणून तो वर फुगतो. त्याच्याबरोबर ब्रिज (टॉपवरचा, सॅडल बसवलेला भाग) उचलला जातो, अ‍ॅक्शन (तारांची पडद्यांपासूनची उंची) वाढते आणि आवाज बोदा होतो. रात्री एसी, दिवसा खिडक्या उघड्या, ही रोजची वरखाली तर आणखी त्रासाची.

पूर्ण सॉलिड घ्यायचं असेल तर हार्ड केस हवीच, कापडी पिशवी चालणार नाही. केसमध्ये आर्द्रता मोजणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर (लॅमिंग्टन रोडला मिळतो) आणि सुती पुरचुंडीत 100 ग्रॅम सिलिका जेल. नारंगी दाणे हिरवे पडले की 120 अंशांवर ओव्हनमध्ये दोन तास वाळवा. आकडा 45 च्या खाली गेला तर पुरचुंडी लगेच बाहेर काढा, कारण जास्त सुकलं की टॉपला चीर जाते, आणि चीर हे फुगण्यापेक्षा मोठं नुकसान. एवढं सांभाळणं जमणार नसेल तर सॉलिड टॉप आणि लॅमिनेट बॅक-साइड हा मधला मार्ग.

सप्तक_दादर

सगळ्यांचे आभार. सॅडल आजच मोजतो. दोन शंका उरल्या: दुकानदार सॉलिड म्हणतो ते खरंच सॉलिड आहे हे कसं ओळखायचं? आणि लो जीचं काय?

रंधा

साउंडहोलच्या (टॉपवरच्या भोकाच्या) कडेला मोबाइलचा टॉर्च धरा. वरच्या पृष्ठभागावरची रेषा कडेवरून खाली उतरून आतल्या बाजूला तशीच पुढे गेली तर सॉलिड. कडेवर सँडविचसारखे थर दिसले तर लॅमिनेट. कडेला पट्टी किंवा काळा रंग असेल तर टॉपवरची एखादी ठळक खूण आरशाने आतून शोधा.

लो जी म्हणजे 196 हर्ट्झ. प्रत्येक पेटीतल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो. पेटी मोठी किंवा खोल केली की तो खाली येतो, भोक मोठं केलं की वर जातो. सोप्रानोत तो लो जीच्या बराच वर असतो, म्हणून तिथे ती तार पोकळ वाटते. दुकानात हे तपासता येतं: तारांवर तळहात ठेवा, तोंड साउंडहोलजवळ नेऊन खालून वर गुणगुणत जा. ज्या सुराला पेटी घुमेल तो तिचा. तो लो जीच्या जितका जवळ, तितका त्या तारेला पाठिंबा जास्त. पण अगदी तिच्यावरच असेल तर ती एकटी तार बाकीच्यांवर गुरगुरते.

लो जी नक्की लावणार असाल तर टेनरच बघा, त्याची तारेची लांबी साधारण 17 इंच, कॉन्सर्टची 15. फक्त तुमच्या यादीतलं लॅमिनेट टेनर नको. सॉलिड टॉपचं टेनर बजेटमध्ये बसतं का ते विचारा. हाय जीच (नेहमीची वरच्या सुराची जी) ठेवणार असाल तर पहिला पर्याय घ्या. आवाजाखाली साथ दबू नये, यासाठी स्प्रूसचा उठाव कामाला येतो.

नटसॅडल

एक भर. लो जीची तार जाड असते. नटची खाच हाय जीच्या मापाची असेल तर ती आत न बसता वर तरंगते आणि पहिल्या पडद्यांवर सूर चढतो. टेनर घेतलंत तर पैसे देण्याआधी दुकानातच ती तार लावून घ्या आणि खाच रुंद करून घ्या.