मदत हवी आहे: स्कॉटलंडमधलं जुनं स्टेडिंग आणि ओल

लोथियनवासी
ईस्ट लोथियनमध्ये जुन्या स्टेडिंगचा, म्हणजे शेतावरच्या गोठे-कोठारांच्या चौकाचा, एक भाग घेतलाय. कोठाराला मागून चिकटलेली अष्टकोनी खोली ऑफिससाठी हवीय. भिंतींना कमरेपर्यंत ओल. बिल्डर म्हणतो, इंजेक्शन मारून (भिंतीला भोकं पाडून आत ओलरोधक रसायन भरून) वॉटरप्रूफ प्लास्टर करू. सोमवारी कळवायचंय. करू का?

पक्का_डोंबिवलीकर
बिनधास्त करा. आमच्या गच्चीला केलं, थेंब नाही.

चुनखडी
गच्ची वेगळी, दगडी भिंत वेगळी. लोथियनवासी, दगडांमधल्या सांध्यांच्या दरजा चुन्याच्या की सिमेंटच्या? बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा उंच आहे का?

लोथियनवासी
सिमेंटच्या. दगडाला बोट लावलं की वाळू सुटते, दरज मात्र तशीच पुढे आलेली. जमीन वीतभर उंच.

चुनखडी
मग झालंच. सिमेंटातून पाणी निघत नाही, ते दगडातून निघतं, थंडीत गोठतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. त्यात या भिंतींच्या पोटात नुसती दगडमातीची भर असते, इंजेक्शनचा सलग थर बसतच नाही. पैसे पाण्यात.

पक्का_डोंबिवलीकर
चुनावाल्यांना सिमेंट म्हणजे विषच वाटतं!

ईशान्यमुखी
अष्टकोन शुभच. फक्त टेबल पूर्वेला ठेवा.

जुनाट
अहो, ही खोली नव्हतीच! घोड्यांची गिरणी आहे ती. आत घोडे गोल फिरायचे, दांडा भिंतीतून कोठारात जायचा आणि मळणीयंत्र चालायचं. ते यंत्र अँड्र्यू मीकलने 1786 च्या सुमारास तुमच्याच ईस्ट लोथियनमध्ये बनवलं. पुढे वाफ आली, म्हणून तिकडच्या काही स्टेडिंगांना उंच धुरांडीही दिसतात. गिरणीत वर छप्पर, पण खांबांच्या मधे बऱ्याचदा उघडंच. मधल्या भिंती मागाहून भरलेल्या असणार. ओल खांबांना आहे की भिंतींना?

लोथियनवासी
आत्ता बघितलं. भिंतींनाच, आणि त्या विटांच्या निघाल्या. खांब जवळपास कोरडे.

चुनखडी
आधी बाहेरची माती उतरवा, पन्हळी बघा, एक उन्हाळा वाळू द्या. लिस्टेड, म्हणजे संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीत, आहे का?

लोथियनवासी
बी कॅटेगरी.

चुनखडी
हे आधी सांगायचं ना! दरजा खरवडायच्या आधी कौन्सिलला विचारा. आणि बिल्डरला सोमवारी 'नाही' कळवा.

पक्का_डोंबिवलीकर
एक उन्हाळा? तिकडे उन्हाळा असतो का?

नवखी_एडिंबरो
अवांतर: तिथून एडिंबरोला ट्रेन आहे का? भाडी किती आहेत?