मदत हवी आहे: छतासाठी आलेलं दान नाताळला वापरायचं का?

सलाम सगळ्यांना. आमच्या मंडळीचा (चर्चचा) हिशोब माझ्याकडे असतो. बाहेरगावच्या एका कुटुंबाने 40 हजार दिलेत, पावतीवर स्पष्ट ‘छत दुरुस्ती’ लिहिलंय. आता कमिटी म्हणते नाताळच्या कार्यक्रमाला पैसे कमी पडतायत, यातले वापरू, नंतर भरू, आणि वहीत सध्या ‘दुरुस्ती’च दाखव. खर्चाला माझी ना नाही, पण खोटी नोंद नको वाटते. बायबलमधल्या हनन्या-सप्पीराच्या गोष्टीत (प्रेषितांची कृत्ये 5; जमीन विकून काही पैसे लपवून ठेवले आणि सगळे दिले असं भासवलं ते जोडपं) पण प्रेषित पेत्र हेच सांगतो ना, की पैसे ठेवायची मोकळीक होती, दोष खोटं बोलण्याचा.

पाळकसाहेबांशी बोललो, ते म्हणाले कमिटीने ठरवावं. उसनवारी म्हणून उघड नोंद करू असंही सुचवलं तर ऑडिटर विचारेल म्हणून नको म्हणाले (अहो, विचारेलच की!). ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे रजिस्टर आहे. राजीनामा द्या सांगू नका, दुसरं कोणी हिशोब घ्यायला तयार नाही, आणि भांडणही नकोय.

ज्यांनी मंडळीचे हिशोब सांभाळलेत त्यांनी सांगा, अशा वेळी कमिटीचा ठराव पुरतो का देणाऱ्यांची लेखी संमती लागतेच? आणि कमिटीला न सांगता मी त्यांना थेट फोन केला तर ते बरोबर दिसेल का?