सात सीटर: सनरूफ की जादा एअरबॅगा?

दोन लहान मुलं, सोबत आजी-आजोबा. बाळसीट कुठल्या रांगेत लावायच्या? पैसे कशावर घालावेत?

उत्तर: सनरूफ सोडा. पडदा एअरबॅग (खिडक्यांवरून खाली उघडणारी) तिसऱ्या रांगेपर्यंत पोचते का, ते आधी विचारा. काही गाड्यांत ती दुसऱ्या रांगेशीच संपते.

उत्तर: आयसोफिक्सचे हूक (बाळसीट थेट गाडीला अडकवायचे) बहुधा दुसऱ्याच रांगेत असतात. बुकिंगआधी बाळसीट प्रत्यक्ष लावून बघा. पट्टा जातो तिथे धरून हलवा, २.५ सेंमीपेक्षा जास्त सरकली तर पुन्हा आवळा. पुढे तोंड असलेल्या सीटचा वरचा टेदर (बाळसीटची वरची बाजू गाडीला बांधणारा पट्टा) हमखास विसरला जातो, मग धडकेत मुलाचं डोकं जास्त पुढे फेकलं जातं.

उत्तर: आणि बाळसीट लावलेली सीट बऱ्याचदा दुमडत नाही. आजोबा मागे जाणार कसे? दुसऱ्या रांगेत कॅप्टन सीट (दोन सुट्या खुर्च्या) घ्या, मधून वाट राहते.