चित्रं, रविवार आणि पैसे : तुमच्या कलागटाचे अनुभव सांगा

घाटावरचा (नाशिक)

आमच्या गटाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. रविवारी सकाळी साडेसहाला गोदाघाटावर जमायचं, नऊपर्यंत चित्र काढायचं, मग मिसळ. सहा वर्षांपूर्वी चौघे होतो, आता वीस-बावीस. एक दंतवैद्य, दोन ड्रॉइंगचे सर, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टरकाका, कॉलेजची पोरं आणि घरचं उरकून धावत येणाऱ्या चौघी-पाचजणी. घाट रंगवणारे आम्ही काही पहिले नव्हे. शिवाजी तुपे यांच्या जलरंगांतला घाट बघूनच मला तिथं बसावंसं वाटलं होतं.

नियम एकच. चित्रं झाली की पायरीवर ओळीनं मांडायची आणि ज्याचं चित्र त्यानं गप्प बसायचं, बोलायचं बाकीच्यांनी. एकदा कंडक्टरकाका माझ्या रामकुंडाच्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे, पण पाणी कोरडं दिसतंय." चकाकी दाखवायला मी वरून पांढरा रंग थापला होता. घरी जाऊन तीच जागा पुन्हा रंगवली, चमक हवी तिथं कागदच कोरा सोडला. पाणी ओलं झालं. जन्मात कधी क्लास न लावलेल्या माणसाचं हे निदान!

इथवर बरं चाललं होतं. मग आम्ही प्रदर्शन केलं. १४ जणांनी प्रत्येकी २,५०० काढले, ३५,००० जमले, तीन दिवसांसाठी हॉल घेतला. ४६ चित्रं लावली, ५ गेली. शेवटच्या दिवशी एका पाहुण्यानं ६,००० रुपये रोख थेट चित्रकाराच्या हातात ठेवले. त्यातले गटाला किती? आधी काही ठरलंच नव्हतं. शब्दानं शब्द वाढला आणि दोघांनी घाटावर येणं सोडलं. त्यातला एक माझा शाळेपासूनचा मित्र.

म्हणून हा धागा. पैशाचं बोलायची आपल्याला लाज वाटते आणि ती लाजच शेवटी महागात पडते, असं माझं मत झालंय. तुम्ही गटात काय काय करता, विक्री कशी जमवली, कुठं आपटलात, सगळं लिहा.

जमाखर्च (पुणे)

बँकेत ३४ वर्षं काढली म्हणून गटाची तिजोरी आपोआप माझ्या गळ्यात पडली. तुमच्या भांडणासारखं भांडण आमच्याकडेही झालंय, फक्त आकडा ४,००० होता.

तेव्हापासून प्रदर्शनाआधी एक कागद फिरतो आणि सगळे त्यावर सह्या करतात. प्रवेशवर्गणी किती. विक्रीतला गटाचा वाटा किती (आमचा १५ टक्के, पैसे रोख आले, यूपीआयनं आले की महिन्याभरानं आले, तरी तोच). यादी छापल्यावर भाव बदलायचा नाही. न विकलेलं चित्र शेवटच्या दिवशी सहाच्या आत उचलायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दारासमोरची भिंत कुणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. पैशापेक्षा या भिंतीवरून जास्त मनं दुखावतात, हे मी शपथेवर सांगतो.

संस्था नोंदवावी का, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात सभासद असले की नोंदता येते. पण आपल्या राज्यात त्याबरोबर १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदाही लागतो. म्हणजे दरवर्षी लेखापरीक्षण, आणि कार्यकारिणी बदलली की धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज. मिसळ खायला जमणाऱ्या गटाला हा व्याप कशाला? देणग्या, अनुदानं घ्यायची असतील तर जरूर नोंदवा. तोवर दोन सह्यांचं खातं, एक वही, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या वहीच्या पानाचा फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर. आमची वही दंतमंजनाच्या कंपनीनं फुकट वाटलेली आहे, सहा वर्षं पुरली.

रंकाळाकाठ (कोल्हापूर)

भावा, भावाचं मी सांगतो. आमच्याकडं किंमत विचारली की चित्रकार आधी गिऱ्हाइकाच्या चपलेकडं बघायचा, मग आकडा. डॉक्टर आला की आठ हजार, मास्तर आला की तीन. एकदा ते डॉक्टर आणि मास्तर निघाले साडू! गणपतीत एकमेकांच्या घरी गेले, भिंतीवर एकाच मापाची, एकाच हातची दोन चित्रं, आणि तिथं भाव निघाला. पुढचं काही विचारू नका.

त्यानंतर आम्ही चौरस इंचावर आलो. जलरंगाचा पूर्ण कागद २२ बाय ३० इंच. त्याचा अर्धा १५ बाय २२, पाव ११ बाय १५. पाव म्हणजे १६५ चौरस इंच. माझा दर १५ रुपये, म्हणून २,४७५. अर्ध्याचे ४,९५०. नवीन पोरं ८-१० रुपयांनी लावतात. दर वाढवायचा तर जानेवारीत, मधेच कुणाची गाडी बघून नाही. फ्रेमचे पैसे वेगळे लिहायचे, चित्रात मिसळायचे नाहीत. तेलरंगाचा दर अर्थात वेगळा, पण पद्धत हीच.

कला इंचावर मोजता काय, असं कुणी म्हणेलच. मोजतो. आबालाल रहिमानांसारख्या चित्रकाराच्या गावात राहून रंकाळा रंगवायचा म्हणजे आधीच मान खाली असते, निदान भाव तरी ताठ मानेनं सांगावा.

आणखी एक. टाऊन हॉलच्या बागेत ‘मैफल रंगसुरांची’ भरते, तिथं लोक चित्र होताना बघत उभे राहतात. तिथनं शिकलो, प्रदर्शनात रोज संध्याकाळी एकानं तिथंच बसून चित्र काढायचं. ते ओलं असतानाच कुणीतरी मागतं.

मागचं बाकडं

एकच अनुभव. काचेच्या फ्रेमा एसटीच्या टपावरून नेऊ नका. बाकी गटात सगळं उत्तम.

गॅलरीतली कुंडी (डोंबिवली)

आमचा गट सोसायटीतल्या बायकांचा. चित्रकलेचा एक वर्ग जाहीर केला, ६०० रुपये, सामान आमचं. व्हॉट्सॲपवर २२ जणींनी "मी येणार" लिहिलं, अंगठे, बदाम सगळं. मी २२ जणींचे रंग, ब्रश, कॅनव्हास आणले. आल्या ९. उरलेले कॅनव्हास दोन वर्षं पलंगाखाली होते, पाहुणे आले की त्यांच्या पायाला लागायचे. आता ३०० आधी घेते. परत मिळत नाहीत, पण स्वतःऐवजी बहिणीला पाठवता येतं. त्या दिवसापासून खुर्च्या भरतात.

माझा अनुभव असा की मोठं चित्र विकायला लहान वस्तू लागते. ८० रुपयांचं हातानं रंगवलेलं भेटकार्ड नेणारी बाई दिवाळीला पणत्या नेते आणि तिसऱ्या वर्षी दिवाणखान्यासाठी चित्र मागते. गॅलरीवाल्या मैत्रिणी याला नाक मुरडतात. मुरडू देत.

जीएसटीबद्दल सगळ्याच विचारतात म्हणून लिहिते. नुसत्या वस्तू विकत असाल तर आपल्याकडे नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख. पण शिकवण्या, वर्ग घेत असाल तर ती सेवा झाली, मग मर्यादा २० लाख. आपण बहुतेकजणी त्याच्या वाऱ्यालाही जात नाही. ऑनलाइन बाजारपेठांवर मात्र पूर्वी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला राज्याच्या आतल्या आत नुसत्या नावनोंदणी क्रमांकावर वस्तू विकता येतात. राज्याबाहेर पाठवायचं असेल तर आधी कर सल्लागाराला गाठा. शिवाय हातानं काढलेल्या चित्रांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झालाय, जुनी बिलं समोर ठेवून नवी करू नका.

गेरू-पांढरा (डहाणू तालुका)

तुमच्यासारखं रविवारचं काही आम्हा वारल्यांत नव्हतं. लग्न असलं की बायका भिंत सारवून तांदळाच्या पिठानं चौक काढायच्या, मधे पालघट, ही लग्नाची देवी. जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर, कापडावर आणलं, त्यांना २०११ ला पद्मश्री मिळाली, आणि आमच्यासारखी पोरं त्यावर घर चालवायला लागली. आम्ही सातजण मिळून काम घेतो.

एकदा शहरातल्या एका सजावटवाल्यानं हॉटेलच्या भिंतीसाठी आम्हा सातही जणांना वेगवेगळे फोन केले. मला म्हणाला, "तुझा दोस्त १२० रुपये फुटानं करतोय, तू बघ." मी ११० म्हणालो. संध्याकाळी पाड्यावर बसलो तेव्हा कळलं, १२० कुणीच म्हणालं नव्हतं. आमचा दर तेव्हा २०० होता. म्हणजे माणूस एक, फोन सात, आणि खाली आलो आम्ही आमच्याच हातानं.

आता फोन एकाच नंबरवर येतो. भिंतीचं काम असेल तर निम्मे पैसे आधी, राहणं-जेवण त्यांचं, आणि परात, रंग, बांबूचं मचाण कोण आणणार ते व्हॉट्सॲपवर लिहून घेतो. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं.

वारली चित्रांना २०१४ ला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे इथलंच काम अशी सरकारी नोंद झाली. म्हणून कपांवर, चादरींवर छापणारे थांबले असं काही नाही. पण खरेदीदाराला सांगायला एक मुद्दा झाला. हस्तकला विकास आयुक्तांचं पेहचान कार्ड, म्हणजे कारागिराचं ओळखपत्र, काढलं, सरकारी जत्रांत स्टॉल मागताना ते उपयोगी पडतं. कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत कुंभार आहे, मूर्तिकार आहे, बाहुल्या-खेळणी करणारा आहे, चित्रकार नाही. मी दोन खेपा घातल्या, तुम्ही घालू नका.

कुडाळचा पाऊस

कोकणात चित्र विकणं सोपं, टिकवणं कठीण. मागच्या पावसात माझ्या सात जलरंगांवर बुरशी आली. चूक माझीच, फ्रेम थेट भिंतीला टेकवलेली आणि कागद थेट काचेला चिकटलेला. आता मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट असते, आणि फ्रेमच्या मागं चार कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवतो, वारा खेळतो. गिऱ्हाइकालाही सांगतो, बाहेरच्या भिंतीवर लावू नका. मुंबईकर हसतात, मग जूनमध्ये फोन करतात.

रेषावाला (ठाणे)

गेरू-पांढरा यांच्या हॉटेलच्या भिंतीवरून लिहितो. चित्र विकलं म्हणजे ते छापायचा हक्कही दिला, असा समज आहे. तो चूक. भिंतीवर लावायला चित्र नेणाऱ्याला त्याचे टी-शर्ट काढता येत नाहीत. हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो.

पण एक खड्डा आहे, मी त्यात पडलोय. कुणी पैसे देऊन सांगून चित्र काढून घेतलं, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्काचा पहिला मालक तो सांगणारा असतो, उलट काही ठरलं नसेल तर. माझं एका दुकानासाठी काढलेलं चित्र त्यांच्या पिशव्यांवर आलं, मी चवताळून गेलो, वकिलानं शांतपणे हे कलम दाखवलं. आता अशा कामाच्या बिलावर खाली एक ओळ असते : "या चित्राचे पुनर्मुद्रणाचे सर्व हक्क चित्रकाराकडे राहतील." त्याखाली गिऱ्हाइकाची सही. सही नाही तर ब्रश नाही.

तिसरी पायरी

मला हे सगळं वाचून उदास वाटलं. मी गटात जाते ती आठवडाभर डोक्यात जे साचतं ते खाली ठेवायला. चौरस इंच, कलमं, टक्के आले की रविवारचाही सोमवार होतो. आमच्या गटात विक्रीचं नावही काढायचं नाही असं ठरलंय आणि आम्ही मजेत आहोत.

घाटावरचा

तिसरी पायरी, तुमचं पटतं. म्हणून आम्ही ठरवलंय, घाटावर पैशाचा विषय बंद. प्रदर्शनाचं बोलणं महिन्यातून एकदा, बुधवारी संध्याकाळी, ज्याला हवं त्यानं यावं. पण विषयच काढायचा नाही, हे आम्ही सहा वर्षं करून बघितलं. त्यानं भांडण टळलं नाही, नुसतं लांबलं.

जमाखर्च यांचा कागद मी जसाच्या तसा उचलतोय, दारासमोरच्या भिंतीसह. शाळामित्राला पाठवलाय. अजून उत्तर नाही, पण निळ्या खुणा झाल्यात.

घाटावरचा

तीन आठवड्यांनी लिहितोय. एका शाळेच्या वर्गात छोटं प्रदर्शन केलं, भाडं शून्य. रंकाळाकाठ यांच्या पद्धतीनं दरपत्रक दाराशीच चिकटवलं, चित्राचे वेगळे, फ्रेमचे वेगळे. पहिलेच गृहस्थ आले, पाव कागदाचा घाट बघितला, चष्मा वर करून दरपत्रक वाचलं आणि विचारलं, "ह्यात काही कमी?" एरवी मी पाचशे सोडले असते आणि रात्रभर तळमळलो असतो. म्हटलं, "होतील की. फ्रेम काढून देतो, नऊशे कमी." ते हसले, फ्रेमसकट घेऊन गेले. १५ टक्के वहीत मांडले. मित्र आला होता, लांबूनच बघत होता. जाताना त्यानं वही उघडून बेरीज तपासली, एका ठिकाणी चुकली होती ती दुरुस्त केली आणि निघून गेला.